बोलक्या भिंतीवर आपल्या गावाचं हवामान: पहिल्यांदाच ब्रश धरणाऱ्यांसाठी

जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये 'बोलक्या भिंती' आता सगळीकडे दिसतात. पायऱ्यांवर पाढे, दाराखालच्या फरशीवर कोन, खांबांवर बाराखडी, मागच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. पर्यावरणालाही एखादा कोपरा मिळतो. तिथे बहुतेक वेळा रडणारी पृथ्वी असते आणि खाली 'झाडे लावा, झाडे जगवा'. पहिला आठवडाभर मुलं ते चित्र बघतात, मग कुणाची नजरही तिकडे जात नाही, कारण त्यात त्या गावाचं काहीच नसतं.

हवामानबदलाची भिंत रंगवायची असेल, तर तिच्यावर कुणीतरी खरोखर मोजलेलं काहीतरी असावं आणि ती दरवर्षी थोडी पुढे सरकावी, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी चित्रकार असण्याची गरज नाही. पट्टी, दोरी, ओळंबा आणि धीर एवढ्यावर हे काम होतं. शाळेचा वर्ग, गावचं वाचनालय, ग्रामपंचायतीचं सभागृह, सोसायटीचा जिना, घरातली एखादी खोली, कुठेही करता येईल. मात्र भिंत आतलीच घ्या. बाहेरच्या भिंतीवर दोन पावसाळ्यांनंतर रंग फिकटतो, आणि इथे तर सगळा अर्थ रंगाच्या छटेतच आहे.

काय रंगवायचं

इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये तापमानाची नोंद मांडण्याची एक अगदी साधी रीत लोकांपुढे ठेवली. प्रत्येक वर्षासाठी एक उभा पट्टा. सरासरीपेक्षा थंड वर्ष निळं, गरम वर्ष लाल. जितका फरक जास्त तितका रंग गडद. आकडे नाहीत, अक्ष नाहीत. डावीकडून उजवीकडे नजर फिरवली की निळा विरत जातो आणि शेवटी लालच लाल उरतो. ज्याला आलेख वाचता येत नाही त्यालाही हे कळतं. जगभर या पट्ट्यांना 'वॉर्मिंग स्ट्राइप्स' म्हणतात; आपण तापमानपट्टे म्हणू.

या पट्ट्यांच्या खाली, त्याच वर्षांच्या रांगेत, तुमच्या तालुक्याच्या पावसाची दुसरी पट्टी घ्या. वर तापमान, खाली पाऊस, असं एका वर्षाचं एक घर. दोन्ही एकत्र का, ते आधी समजून घ्या, कारण बघायला येणारा नेमकं हेच विचारतो. तापमानाची पट्टी एका दिशेनं सरकताना दिसते. पावसाची तशी दिसणार नाही. तिथे ओली-कोरडी वर्षं खालीवर होत राहतील, कारण मान्सून आधीपासूनच लहरी आहे. १९७२ चा दुष्काळ आजही घराघरात सांगितला जातो, आणि तो हवामानबदलामुळे पडला असं भिंतीवर लिहिणं चूक ठरेल. पावसाच्या बाबतीत बदलला आहे तो पडण्याचा ढंग. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. वर्षाची बेरीज तीच राहू शकते, पण पाऊस मोजक्या दिवसांत कोसळतो आणि मधले आठवडे कोरडे जातात. ही गोष्ट वार्षिक पट्टीत दिसत नाही.

म्हणून तिसरा भाग: नक्षत्रांचा फळा. भिंतीच्या उजव्या टोकाला फळ्याचा काळा रंग लावून एक चौकोन करा आणि त्यात नऊ रकाने आखा: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. त्या दिवसांत पडलेला पाऊस खडूनं उभ्या दांड्यात भरायचा आणि पुढच्या मृगाच्या आधी पुसायचा, पण पुसण्यापूर्वी वहीत उतरवून ठेवायचा. पेरणीची बोलणी गावात अजून नक्षत्रावर होतात. 'आर्द्रा कोरडी गेली' हे वाक्य आजोबांना समजतं, जूनची मिलिमीटरमधली बेरीज समजेलच असं नाही. या फळ्यापाशी म्हातारी माणसं थांबतात आणि बोलू लागतात, एवढ्यासाठी तरी तो कराच.

आकडे कुठून आणायचे

तापमानासाठी गावापुरता आकडा शोधत बसू नका. सलग जुनी नोंद फार थोड्या ठिकाणी आहे, आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमधलं तापमान यासाठी चालत नाही. देशाची मालिका घ्या. भारतीय हवामान विभाग दर जानेवारीत मागच्या वर्षाचा आढावा काढतो. २०२४ हे १९०१ पासूनच्या नोंदींत देशातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. १९९१ ते २०२० च्या सरासरीपेक्षा ०.६५ अंश जास्त. हे काम विभागाच्या पुण्यातल्या कार्यालयात चालतं. शिवाजीनगरचं ते जुनं 'शिमला ऑफिस', रिक्षावाले आजही त्याच नावानं नेतात.

एक धोका लक्षात ठेवा. वेगवेगळ्या वर्षांच्या अहवालांत 'सरासरी' वेगवेगळ्या तीस वर्षांची असते. एका अहवालातला फरक दुसऱ्यातल्या फरकाशेजारी मांडला तर पट्टे खोटं बोलतील. त्यामुळे एकाच मालिकेतली सगळी वर्षं घ्या, किंवा प्रत्यक्ष तापमान घेऊन सरासरी स्वतः काढा. इतकं गणित नको असेल तर 'शो युअर स्ट्राइप्स' या संकेतस्थळावर भारताचे तयार पट्टे मिळतात. श्रेय देऊन ते मोकळेपणानं वापरता येतात.

पावसाचे आकडे मात्र आपल्याच तालुक्याचे हवेत. तहसील कार्यालयात जुनी नोंद असते. अर्ज करा, मिळते. अलीकडच्या वर्षांसाठी राज्याच्या कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळापर्यंतचा पाऊस दिसतो. एखाद्या वर्षाचा आकडा नाहीच मिळाला, तर ते घर राखाडी ठेवा आणि 'नोंद नाही' असं लिहा. अंदाजानं भरू नका.

नक्षत्रांच्या फळ्यासाठी शाळेनं पर्जन्यमापक बसवावा. तो उघड्यावर, इमारतीच्या किंवा झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. रोज सकाळी साडेआठला मोजायचं. हवामान विभागाचीही हीच वेळ असते, म्हणून तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून बघता येतो.

परवानगी आणि भिंत

शाळा असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, सोसायटी असेल तर कमिटीचं पत्र, भाड्याचं घर असेल तर मालकांची संमती. जुन्या वाड्यात किंवा देवळात आधीची चित्रं असतील तर तिथे हात लावू नका, चुन्याच्या थराखाली काय दडलंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

भिंतीची लांबी अशी ठरवा. १९५१ ते २०५० अशी शंभर घरं धरली आणि एक घर दीड इंचाचं केलं, तर १५० इंच, म्हणजे साडेबारा फूट लागतात. वर्गाच्या मागच्या भिंतीवर ते आरामात बसतं. २०२४ पर्यंतची ७४ घरं आकडे हाताशी असल्यामुळे लगेच भरता येतील. पुढची घरं रिकामी, फक्त पेन्सिलनं आखलेली. ती रिकामी जागा या भिंतीचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे; जागा वाचवण्यासाठी ती कापू नका. पहिलीतल्या मुलाला तिथे बोट ठेवून 'हे वर्ष येईल तेव्हा तू किती वर्षांचा असशील?' असं विचारता येतं.

तापमानाचे पट्टे तीन फूट उंचीचे, त्याखाली पावसाची पट्टी एक फुटाची. सगळं मिळून जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर सुरू करा, म्हणजे बाकं आणि दप्तरं घासणार नाहीत.

आधी रांगोळी

रंगाचा डबा उघडण्यापूर्वी हाच आराखडा अंगणात किंवा व्हरांड्यात रांगोळीनं काढा. दीड इंचाऐवजी घर चार बोटांचं घ्या. पोरीबाळी, आया, आज्या सगळ्यांचे हात लागतील. चुकलं तर पुसता येतं. रंगांच्या छटा शेजारीशेजारी कशा दिसतात ते इथेच कळतं, आणि मुख्य म्हणजे लोक काय विचारतात ते कळतं. 'मधेच हे एक वर्ष निळं का?' हा प्रश्न हमखास येतो. उत्तर द्यायला शिका: एखादं वर्ष थंड जाऊ शकतं, बघायचं असतं ते अनेक वर्षांचं झुकणं. जिथे उत्तर अडलं, तिथे भिंतीवर एक ओळ जास्त लागणार हे समजा.

ज्यांना भिंत मिळतच नाही, त्यांनी रांगोळीवरच थांबलं तरी चालेल. गोधडीवरही हे फार सुंदर होतं. हॉकिन्स यांच्या आधी त्यांच्याच विद्यापीठातल्या एली हायवूड यांनी तापमानाच्या नोंदीवरून पट्ट्यांचं पांघरूण विणलं होतं. आपल्याकडे तर जुन्या साड्यांच्या पट्ट्या जोडण्यात बायकांचा हात बसलेलाच आहे.

भिंत तयार करणं

नवशिके इथे घाई करतात. भिंत ओली असेल तर वरचं सगळं काम वाया जातं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम, पावसाळ्याची ओल तोवर उतरलेली असते. तपासायची रीत सोपी: फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर घट्ट लावा आणि एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब धरले तर भिंतीत ओल आहे. लोणा, म्हणजे भिंतीतून फुटणारा पांढरा खार, दिसत असेल तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. गच्ची, नळ, बाहेरचं गटार. त्यावर नुसता रंग मारला तर पोपडे धरतील.

भिंत चुन्याची असेल तर पत्रीनं खरवडून चुना पूर्ण काढा. चुन्यावर इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवलेला रंग, धरत नाही, पापुद्र्यासकट सुटतं. मग खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरा, वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासा, फडक्यानं धूळ पुसा, प्रायमरचा एक हात आणि त्यावर पांढऱ्याचा एक हात. जुन्या इमारतीत ऑइल पेंटचे थर असतील तर ते कोरडे घासू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ मुलांसाठी वाईट. पाणी लावून घासा, मुलांना त्या दिवशी लांब ठेवा, घासलेला चिखल गोळा करून टाका. नवीन रंगांत शिशाची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ९० भाग, आहे. डब्यावर तसा उल्लेख बघून घ्या.

मातीच्या किंवा कुडाच्या भिंतीवर यातलं काहीच नको. तिथे शेणमातीचं सारवण, वर गेरूचा हात आणि तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ हेच योग्य. अशी भिंत श्वास घेते; तिला इमल्शननं बंद केलं की आतून सुटू लागते.

आखणी

शंभर घरं आखताना दीड इंचाचा तुकडा एकापुढे एक सरकवत खुणा केल्या, तर प्रत्येक वेळी केसभर चूक होते आणि शेवटी दोन-तीन इंचांचा घोळ होतो. टेप शून्यावर धरून ठेवा आणि तिथूनच दीड, तीन, साडेचार, सहा अशा खुणा करत जा. वरची आणि खालची आडवी रेघ पाण्याच्या नळीनं लेव्हल काढून मारा. उभ्या रेघांसाठी ओळंबा सोडा. फरशी किंवा चौकट यांच्या भरवशावर उभी रेघ मारू नका, जुन्या इमारतीत त्या सरळ असतातच असं नाही. दोरीला गेरू किंवा निळीची पूड लावून सूत मारलं की लांब रेघ एका झटक्यात उमटते.

प्रत्येक घराच्या वर पेन्सिलनं वर्ष आणि छटेचा क्रमांक लिहा. मग लहान मुलंही क्रमांक बघून रंग भरू शकतात.

छटा ठरवणं

तापमानाला आठ छटा पुरतात, चार निळ्या आणि चार लाल. सरासरीपासून सर्वांत मोठा फरक किती ते बघा. समजा तो ०.८ अंश निघाला, तर प्रत्येक छटा ०.२ अंशांची. दोन्ही बाजूंना तेच माप ठेवा. लाल बाजू जास्त उठावदार दिसावी म्हणून माप बदलायचा मोह होतो. तसं केलंत तर एखादा हुशार मुलगा ते पकडेल आणि सगळ्या भिंतीवरचा विश्वास जाईल.

पावसासाठी हवामान विभागाचीच वर्गवारी घ्या. हंगामाचा पाऊस सरासरीच्या १९ टक्के इकडेतिकडे असेल तर सरासरीइतका. २० ते ५९ टक्के जास्त, ६० टक्के किंवा त्याहून जास्त. तसंच २० ते ५९ टक्के कमी, ६० टक्के किंवा त्याहूनही मोठी तूट. एकूण पाच छटा. कमी पावसाला मातकट तपकिरी, जास्त पावसाला निळसर हिरवा, मधला फिका पांढुरका. लाल आणि हिरवा समोरासमोर ठेवू नका, काही मुलांना तो फरक दिसत नाही.

छटा हातानं कालवू नका. दुकानात मशीनवर करून घ्या, २०० मिलीचे छोटे डबे पुरतात, आणि प्रत्येक छटेचा कोड लिहून घ्या. कमी वासाचं पाण्यातलं इमल्शन घ्या. खादी ग्रामोद्योगाचा शेणापासून केलेला प्राकृतिक पेंट जवळ मिळत असेल तर पांढऱ्या हातासाठी तो वापरता येईल. फ्लेक्स छापून भिंतीला लावण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका. फ्लेक्स हे पीव्हीसीचं प्लॅस्टिक. फाटल्यावर ते गावच्या उकिरड्यावर जाऊन जळतं.

रंग भरणं

एकाआड एक घरं भरा. आधी विषम वर्षं, ती पूर्ण वाळल्यावर, दुसऱ्या दिवशी, सम वर्षं. कडेला मास्किंग टेप लावा, तिची कड बोटानं नीट दाबा. रंग किंचित ओला असतानाच टेप तिरकी ओढून काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर रंगाची कड तुटते. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा बरे. खिडक्या उघड्या.

आठवणींची चित्रं

पट्ट्यांच्या वर छोट्या खुणा करा: आपल्या भागानं भोगलेली वर्षं. लातूरमध्ये २०१६ वर मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वे. मुंबईत २००५ वर २६ जुलैचा पाऊस, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. अलिबाग-श्रीवर्धनकडे २०२० वर निसर्ग चक्रीवादळात आडव्या झालेल्या पोफळी. सांगली-कोल्हापुरात तर वेगळं चित्रच नको. २०१९ चं पाणी त्या खोलीत जिथपर्यंत चढलं होतं, तिथे निळी रेघ मारा आणि तारीख लिहा. सांगलीच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हा आकडा ऐकून जे होत नाही ते डोक्यापेक्षा उंच असलेली रेघ बघून होतं.

पण विचारून. ज्या गावात माणसं गेली आहेत, तिथे ते वर्ष भिंतीवर यावं की नाही, हे त्या घरांनी ठरवायचं. नको म्हणाले तर ती जागा मोकळी सोडा.

खुणांसाठी वारली चित्रं काढावीत असं पुष्कळांना वाटतं. त्रिकोणांची माणसं सोपी दिसतात म्हणून. ती पालघर-डहाणूकडच्या वारली समाजाची कला आहे. लग्नात भिंतीवर काढायचा चौक घरातल्या सवाष्णी लिहीत आल्या, जिव्या सोमा म्हशे यांनी ती कागदावर आणून जगापुढे नेली, आणि २०१४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. वारली हवी असेल तर त्या समाजातल्या चित्रकाराला बोलवा, पूर्ण मानधन द्या आणि कोपऱ्यात नाव लिहू द्या. नाहीतर मुलांना त्यांच्या हातानं, त्यांना येईल तसं काढू द्या.

मजकूर

थोडा आणि ठसठशीत. वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून वाचायचं असेल तर अक्षर दोन ते अडीच इंच उंच हवं, काना-मात्रा वेगळ्या धरून. एवढं पुरतं:

'एक पट्टा म्हणजे एक वर्ष. निळा थंड, लाल गरम.'

'कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळल्यानं हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो उष्णता धरून ठेवतो. पूर्वी दहा लाखांत २८० भाग होता, २०२४ मध्ये सुमारे ४२४.'

तिसरी ओळ गावाची. यंदा आपण काय ठरवलं: किती शेततळी, विहिरींची पातळी कधी मोजणार, उन्हाळ्यात शाळा किती वाजता सुटणार. हिवरे बाजारमध्ये पाऊस बघून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात; तसा ताळेबंद तुमच्याकडे होत असेल तर तो इथेच लिहा. ही ओळ खडूनंच लिहा, ती बदलत राहायला हवी.

खाली आकड्यांचा स्रोत आणि भिंत केल्याचं वर्ष. पेंटरकडून लिहून घेणार असाल तर मजकूर कागदावर मोठ्या अक्षरात द्या आणि रंगवण्याआधी पेन्सिलचं लिखाण दोघांनी वाचून घ्या. शाळेच्या भिंतीवरची ऱ्हस्व-दीर्घाची चूक मुलांच्या वहीत उतरते.

दरवर्षी

जानेवारीत हवामान विभागाचा आढावा आला की त्या वर्षाचं घर भरायचं. प्रजासत्ताक दिन सोयीचा, गाव शाळेत येतंच. सातवीतल्या मुलांनी आकडा वाचायचा, क्रमांक ठरवायचा, पहिलीतल्या मुलानं पहिला ब्रश लावायचा. पावसाचं घर हंगाम संपल्यावर, दिवाळीच्या सुट्टीआधी.

उरलेला रंग डब्यात वर्ष-दोन वर्षांत आटतो, म्हणून छटांचे कोड भिंतीच्याच खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून ठेवा. पावसाची वही, आकड्यांची यादी आणि पर्जन्यमापकाची नळी शाळेच्या साहित्य नोंदवहीत चढवा. शिक्षकांची बदली होते. चार्ज देताना या तीन वस्तू यादीत असल्या की नव्या गुरुजींना किंवा बाईंना पुढचं घर भरायला कुणाला विचारावं लागत नाही.